डिकीचं झाकण

भावोजींनी गाडी अंगणात आणली ती फाटक घासूनच. फाटकाची कडी वाकली, कडेची कुंडी फुटली. साहेब खाली उतरले, दार धाडकन आपटलं आणि म्हणाले, "मास्तरीण, काम आणलंय तुझ्यासाठी. संध्याकाळी निघायचंय. डिकीचं झाकण आरशासारखं दिसलं पाहिजे."

"आणि कुंडी?" मी विचारलं.

"कुंडीचं काय एवढं? दुसरी घे."

असा हा माणूस. त्याच्या हातून जे मोडतं ते त्याच्या मते मुळात त्याच्या वाटेत आलेलं असतं. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात कपाटाच्या दारापासून टीव्हीपर्यंत काय काय त्याच्या वाटेत आलं हे मला ठाऊक होतं. माझी ताई किती वेळा वाटेत आली, हे ती सांगत नव्हती.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, म्हणून मी मास्तरीण. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी दिली की ती भिंतीला, झाडाला, उभ्या हातगाडीला, सगळ्यांना गळाभेट देत सुटते. दर भेटीनंतर गाडी गॅरेजमध्ये जाऊन बसली तर शिकवायचं कशावर? म्हणून पोचे काढायला मी घरीच शिकले. पत्र्याच्या मागे डॉली धरायची, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडाचा ठोकळा, आणि पुढून हातोडीनं हलके हलके ठोकायचं. दोघांच्या मध्ये सापडलेला पत्रा हळूहळू जागेवर येतो. मग पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग रंग. आता गल्लीतले लोकही कधी दार, कधी बॉनेट घेऊन येतात. पण भावोजी आजवर कधी आले नव्हते. त्यांना बायकांच्या हातचं फक्त जेवण चालायचं. आज मात्र गॅरेज सोडून ते माझ्याकडे आले होते, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ताई दुसऱ्या बाजूनं उतरली. दाराला धरून, एक पाय उचलत.

"काय झालं गं पायाला?" आई पुढे धावली.

"बाथरूममध्ये घसरले," ताई म्हणाली. पाठ केल्यासारखं, एका दमात.

"बघून चालावं की नाही! आणि तुम्ही बरे आहात ना? दमलात का? बसा, चहा टाकते." हे दुसरं जावयाला. आईचा जावई म्हणजे तिचा जीव की प्राण. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात दिवसभर बसून होता, तेवढ्या एका दिवसावर त्यानं आईला कायमची विकत घेतली. मागच्या खेपेला ताई फुटका ओठ घेऊन आली होती. आईनं तिला दोन दिवस ठेवून घेतलं, पिशवी भरून दिली आणि स्वतः नेऊन पोचवलं. "राग असतो एकेकाचा," म्हणाली. "मनानं चांगला आहे."

त्या वेळी मी गावाला गेले होते. या वेळी मी घरात होते, आणि संध्याकाळी ही गाडी ताईला घेऊन परत जाऊ द्यायची नाही एवढंच मला पक्कं कळत होतं. पण माझं ऐकणार कोण? ताई स्वतःच "जाते मी" म्हणायची, आणि आई पिशवी भरायला घ्यायची.

मी डिकीपाशी गेले.

"मागे घेताना खांबाला लागली," भावोजी म्हणाले. शर्ट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला होता, त्यावर घड्याळ आणि फोन. बनियनवर ते लाकूडतोड्यासारखे उभे होते. "घरच्या घरी करून टाक. गॅरेजवाले फार चौकशा करतात."

मी झाकणावरून हात फिरवला. पोचा डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळतो. आणि माझा तळवा खाली गेलाच नाही, वर आला. ते पोचे नव्हतेच. टेंगळं होती. पत्रा आतून बाहेर फुगलेला होता, एका जागी नाही, जागोजागी. त्यातली काही टेंगळं कुणीतरी वरून हातोडीनं चेचून बसवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे पत्रा ताणला जाऊन सैल पडला होता. अंगठ्यानं दाबलं की टक् करून आत, सोडलं की टक् करून बाहेर. रंगाला बारीक चिरा पडल्या होत्या. आणि खाली बंपरवर ओरखडासुद्धा नव्हता. बंपरला न शिवता डिकीला भेटणारा खांब मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी किल्ली मागून घेतली आणि झाकण उघडलं. आतल्या बाजूला पत्र्याला मजबुती देणारी एक सांगाडेवजा चौकट असते, तिच्यात मोठमोठी भोकं असतात. प्रत्येक टेंगूळ नेमकं एकेका भोकाच्या जागी होतं. आतलं काळं कापड फाटून लोंबत होतं. आणि पत्र्यावर, जिथे कुणाची कधी नजर जात नाही तिथे, करड्या रबराचे अर्धगोल ठसे होते. टाचेचे.

मी वळून पाहिलं. ताई ओट्याच्या पायरीवर बसली होती. तिच्या चपलेचा तळ करडा होता, आणि एका टाचेचा तुकडाच उडालेला होता.

 मी हातोडी उचलली आणि एका टेंगळावरून बोट फिरवत राहिले.

"काय गोंजारत बसलीस?" भावोजींनी माझ्या हातातली हातोडी हिसकावली. "असं हाणायचं!" आणि झाकण खाली पाडून त्यांनी एका टेंगळावर अशी हाणली की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. दुसरी हाणली, तिसरी. दात आवळून, मान ताठ करून, नाकपुड्या फुगवून. टेंगूळ बसलं नाही, त्याच्या शेजारी खड्डा पडला. त्यानं ते आणखी चिडले. पत्रा ऐकत नाही याचा त्यांना राग आला होता. मी पायरीकडे पाहिलं. प्रत्येक घावाला ताईचे खांदे वर उडत होते आणि तिच्या ओंजळीतल्या कपातला चहा तिच्या मांडीवर सांडत होता. तिला चटका बसल्याचंही कळत नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "पत्रा फाटेल. गरम पाणी आणते, आधी रंग सैल करू."

ताईला दंडाला धरून मी स्वयंपाकघरात नेलं. आई गॅसपाशी होती.

"ताई, डिकीत कोण होतं?"

"हळू बोल." बस्स, एवढंच म्हणाली. पण तेवढ्यात सगळं आलं.

"तू होतीस?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग ओठ न हलवल्यासारखं बोलली, "चार दिवसांपूर्वी खालच्या दुकानात गेले होते. शेजारीण भेटली, बोलत उभी राहिले. हे वाट बघत होते. गाडीपाशी आल्यावर केस धरले आणि… मी आधी हाका मारल्या. मग म्हणाले, ओरडलीस तर गाडी तळ्यात ढकलतो. म्हणून ओरडले नाही. पायच मारत राहिले. सकाळी उघडलं."

"रात्रभर?"

"झोप लागली मधे," ताई म्हणाली. त्या माणसाची बाजू सांभाळून घेतल्यासारखं.

"काय बोलताय काय तुम्ही दोघी?" आई वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड अजून जुन्याच वाटेनं चाललं होतं. "हिच्या डोक्यात काहीतरी भरवू नकोस. भांडण झालं असेल, दार लावून घेतलं असेल गाडीचं. डिकीत माणूस मावतो तरी का?"

ताईनं मान खाली घातली. आई खोटं ठरवतेय याचं तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, आणि ते बघून माझं डोकं फिरलं. आईचा राग आला, ताईचा आला, त्या माणसाचा तर असा आला की तोंडात लोखंडाची चव आली. मी गरम पाण्याचं पातेलं उचललं आणि बाहेर गेले.

जाता जाता मला काय करायचं ते सुचलं.

पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं, झाकण परत उघडून थोडं इकडेतिकडे ठोकलं. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "असं नाही जमायचं भावोजी. झाकण उघडं ठेवून ठोकलं की ते हादरतं. बंद असलं की घट्ट बसतं. पण मग आत कुणीतरी डॉली धरून झोपायला लागेल. मी वरून ठोकीन, आतल्यानं तिथंच डॉली दाबायची. दोन मिनिटांत पत्रा सपाट."

हे धादांत खोटं होतं. झाकणाचे बोल्ट सोडवायचे, ते जुन्या टायरवर पालथं घालायचं आणि निवांत ठोकत बसायचं, मी नेहमी तसंच करते. टायर तिथंच भिंतीला टेकून उभा होता. पण दुसऱ्याचं काम कसं चालतं हे भावोजींनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"मग हिला घाल," ते म्हणाले. "ए, इकडे ये. ही चणीनं बारीक आहे, बरोबर मावते."

मावेल म्हणाले नाहीत. मावते म्हणाले.

ताई माझ्यामागोमाग येऊन परत पायरीवर बसली होती, ती उठलीच नाही. ते तिच्याकडे गेले, दंड धरून तिला उभं केलं. ती ओट्याच्या खांबाला चिकटली. त्यांनी मनगट पिरगाळून तिची बोटं सोडवली आणि तिला ओढत आणलं. लंगडा पाय फरशीवर घासत होता. डिकीच्या काठाला पोट टेकलं तेव्हा ताईच्या तोंडून एक आवाज निघाला, रडणं नाही, ओरडणं नाही, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी. त्यांनी मानेवर हात ठेवून तिला वाकवलं. "नाटकं करू नकोस. दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या हातात हातोडी होती आणि त्यांचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. ती हातोडी मी त्या वेळी कशी खाली ठेवली ते माझं मला ठाऊक.

"तिला नको," मी हसत म्हणाले. हसू कुठून आणलं कोण जाणे. "तिच्या हातात जोर कुठाय? डॉली निसटली तर पत्र्याला भोक पडेल. मग गॅरेजशिवाय इलाज नाही. जाऊ दे, समोरच्या पैलवानाला बोलावते. तुम्हाला काही ते झेपायचं नाही, पोट आडवं येईल."

"पोट?" त्यांनी ताईला बाजूला ढकललं. ती भिंतीवर आदळून खाली बसली. "आण ती डॉली."

आणि चढले. आधी गुडघा, मग खांदा, मग शिव्या देत कुशीवर वळले, पाय पोटाशी घेतले. जुन्या बांधणीची गाडी, मागची सीट पक्की बसवलेली, आतून कुठं वाट नाही. मी त्यांच्या हातात डॉली दिली. "नीट धरलीत ना? बोटं आत घ्या हं."

झाकण खाली आणलं. खटका बसला. किल्ली माझ्या खिशात होती.

मी एक हलकी टकटक केली.

"इथं का?" आतून आवाज आला.

मी दोन पावलं मागे सरले.

"ए मास्तरीण, ठोक ना! अंधार आहे इथं. गरम होतंय."

"आई!" मी घराकडे तोंड करून हाक मारली. "बाहेर ये जरा. मावतो माणूस."

आई पदराला हात पुसत आली. अंगणात जावई नाही, खुर्चीवर त्याचा शर्ट, भिंतीशी ताई, आणि डिकीतून आवाज. एवढं सगळं एका नजरेत बसायला तिला वेळ लागला.

"उघड!" पहिली लाथ बसली. गाडी हलली. "उघड म्हणतो ना, साली! मस्करी करतेस?"

"अगं, उघड," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. ती उठून माझ्या खिशात हात घालायला लागली. "उघड गं, पाया पडते तुझ्या. मारून टाकतील मला. तुला कळत नाहीये." मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. तिची नखं माझ्या मनगटात रुतली, रक्त आलं, पण मी सोडलं नाही.

लाथांवर लाथा बसायला लागल्या. आणि मग आम्हा तिघींच्या डोळ्यांदेखत झाकणावर एक टेंगूळ उगवलं. आतून धाड् आवाज झाला की पत्रा वर उचलायचा, रंगाचा पापुद्रा उडायचा. ज्या जागी टेंगळं चेचली होती त्याच जागी, चौकटीच्या त्याच भोकांतून, एकामागून एक. आई पुढे आली. तिनं झाकणावर तळवा ठेवला, आमचा ताप बघायची तसा. त्याच क्षणी खालून लाथ बसली आणि तिचा हात उडाला. तिनं तो परत ठेवला. मग जुनी टेंगळं चाचपली, मग नवी, मग परत जुनी.

"खांब," ती पुटपुटली. "खांबाला लागली म्हणाला मला."

"म्हातारे!" त्याला तिचा आवाज ऐकू गेला. "तुझ्या पोरीला सांग उघडायला! एक रात्र ठेवली तिला, तर काय मेली का ती? हातपाय झाडून गप्प झाली ना सकाळपर्यंत? बाहेर येऊ दे मला. तुझ्यासकट तिघींना एकेक करून यात कोंबतो!"

आईचा हात थांबला. माझ्या आईनं कधी झुरळ मारलेलं मी पाहिलेलं नाही, ती त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडते. तिनं फरशीवरची हातोडी उचलली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि झाकणावर आणली. अंगण दणाणलं. आतला आवाज बंद झाला.

"माझ्या पोरीला?" ती म्हणाली, आणि परत हाणली. "माझ्या पोरीला? माझ्या हातानं नेऊन सोडली मी तिला तुझ्या दारात!" प्रत्येक घावाला तिचा अंबाडा सुटत गेला. तिचं नेम धरणं वगैरे काही नव्हतं, हातोडी दिव्यावर बसली, काच फुटली, नंबरप्लेट वाकली. आत तो "अहो, थांबा, थांबा, ऐका" असं ओरडायला लागला. अहो! त्याच्या तोंडून आम्हाला अहोजाहो मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी आईच्या हातातून हातोडी गळून पडली आणि ती बंपरला टेकून खाली बसली. "तू सांगायचंस ना गं मला," असं ताईला म्हणाली आणि लगेच स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "सांगितलंस. सांगितलं होतंस तू."

ताईनं तिचा हात धरून चापट थांबवली.  डिकीत तो आता रडत होता, मग धमक्या देत होता, मग परत रडत होता. हवा होती त्याला. झाकणाचं रबर जुनं झालं होतं, फटीतून बोट जात होतं. ताईनं ज्यात रात्र काढली त्यात त्याला तासभर काढायला हरकत नव्हती.

"आता?" मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला पुढचं काही सुचलेलं नव्हतं. उघडलं तर तो मोकळा सुटणार. त्याच्या अंगात तिघींना पुरून उरेल एवढी ताकद होती.

ताईनं माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे."

"उघडणार तू?"

"नाही. चालवणार."

लग्नाआधी तिला गाडी मीच शिकवली होती. माझ्या साऱ्या शिष्यांत तिनं एकटीनं कधी काही ठोकलं नाही. लग्नानंतर तिला त्यानं स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. ती लंगडत पुढे गेली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःपुरता केला. आई शेजारी बसली, मी मागे. माझ्या पाठीशी, पत्र्याच्या पलीकडे, तो सीटवर गुडघे मारत होता. प्रत्येक धक्का माझ्या कण्यात बसत होता आणि मी पाठ आणखी रेटून बसत होते.

"क्लच सावकाश," सवयीनं माझ्या तोंडून निघालं.

"माहिती आहे," ताई म्हणाली.

पोलीस चौकी बाजाराच्या पलीकडे. वाटेत गतिरोधक आले की ताई गाडी हळू करायची, तिला सवय तशीच होती. एकावर मात्र तिनं केली नाही. मागून जो आवाज आला तो ऐकून आई खिडकीबाहेर पाहायला लागली.

चौकीच्या दारात हवालदार खुर्ची टाकून बसले होते. गाडीची अवस्था बघून उठले, मागे येऊन त्यांनी फुटका दिवा, वाकलेली प्लेट, झाकण पाहिलं. "बाई, कुठं ठोकलीत एवढी?"

मी तोंड उघडणार होते. ताईनं मला मागे सारलं.

"ठोकली नाही," ती म्हणाली. "हे वरचे घाव माझ्या आईचे. ही टेंगळं आतून लाथा मारल्याची. ज्यांच्या चिरांत गंज धरायला लागलाय ती माझी. ही ताजी त्याची."

तेवढ्यात आतून धाड् झालं आणि "वाचवा" असा आवाज आला. हवालदार दचकून मागे सरले. मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या आधी. उघडा त्याला."

ताईनं किल्ली मुठीत घट्ट धरली. तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे लाल वळ होते आणि दुखरा पाय जमिनीला टेकत नव्हता, पण ती डिकीला पाठ टेकून उभी राहिली.

"उघडते," ती म्हणाली. "आधी माझं ऐकून घ्या."

हवालदारांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि तिच्यासाठी गाडीमागे ठेवली.